कळसूबाईच्या विहिरीपर्यंत

नवरात्र जवळ आलं की मला किळस यायला लागते. देवीची नव्हे, तिनं मला माफ करावं. घट मी अजूनही बसवते, माळ घालते, नऊ दिवस अनवाणी राहते. पण घटाच्या मातीत धान टाकताना ओल्या मातीचा वास आला की त्यात मला दुसराच वास येतो. दाढीच्या साबणाचा, रॉकेलचा आणि गार पाण्यावर तरंगणाऱ्या तुपाचा. पन्नास वर्षं होत आली, वास जात नाही. सूनबाई म्हणते, "आई, तुमचं नाक लई तिखट आहे." नाकाचा काही दोष नाही गं बाई.

आमचं सोलापूर म्हणजे सपाट. मी मोहोळकडच्या खेड्यात वाढले, तेही सपाट. लहानपणी उंच म्हणजे बाभळ, लग्न होऊन शहरात आले तेव्हा उंच म्हणजे गिरणीची चिमणी. डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात. माझी शाळा चौथीत सुटलेली. मुलगा पुस्तक टाकून खेळायला गेला की मी ते चुलीपुढं घेऊन बसायची. एका हातानं भाकरी थापायची, पिठाचा हात लागू नये म्हणून कोपरानं पान उलटायची. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची सोळाशे शेहेचाळीस मीटर. मीटर मला उमजायचे नाहीत, म्हणून ह्यांना विचारलं. हे कचेरीत कारकून. म्हणाले, "पाच हजार चारशे फूट. का गं, जायचंय का?" मी म्हटलं, "नेलंत तर जाईन की." हे हसले. मला हसू आलं नव्हतं.

मग मी वाचनालयातनं पुस्तकं आणायला लागले. डोंगरांची, गडांची, नद्यांची. कळलं असं की तो डोंगर आणि आमचं माळरान एकाच लाव्ह्याचं आहे. फार फार पूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस पसरला, थंड झाला, पुन्हा पसरला. थरावर थर. तिकडं पश्चिमेला ते थर एकावर एक चढून पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर झाले, आमच्याकडं येईस्तो पातळ होत गेले आणि पसरून राहिले. म्हणजे माझ्या मोरीत जो काळा फत्तर होता, ज्यावर मी धुणं आपटायची, तोच तिकडं पाच हजार फूट उभा होता. हे वाचलं त्या दिवशी धुणं धुताना मी दगडावरनं हात फिरवला होता. शेजारची नरसव्वा म्हणाली, "काय शोधतीस गं अक्का, सोनं?"

पावसाचंही तसंच. ढग समुद्रावरनं येतात, त्या भिंतीला धडकून तिथंच रिकामे होतात, आणि आमच्याकडं येतो तो नुसता वारा. आमची भीमा त्याच रांगेत, जरा दक्षिणेला उगम पावते. दुष्काळ सरून तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. हंड्यासाठी रांगेत उभं राहिलेल्या बाईला पाणी कुठून येतं हे बघावंसं वाटणारच की नाही? मला ते शिखर बघायचं होतं. माथ्यावर उभं राहून, पाऊस अडवणाऱ्या त्या भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम बघायच्या होत्या. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतःसाठी मागितली असेल. साड्या, दागिने मी मागितले नाहीत, हे सगळ्यांना विचारा.

ह्यांच्या ओळखीचे एक नानासाहेब होते. शाळेत कवायत शिकवायचे. त्यांनी एक गिरिभ्रमण मंडळ काढलं होतं. मंडळात ह्यांच्यासकट सात पुरुष, सातांपैकी पाच जणांनी तुळजापूरच्या घाटापलीकडं डोंगर पाहिलेला नव्हता. त्यांनी ठरवलं, नवरात्रात कळसूबाई सर करायची. "सर करायची" हा त्यांचा शब्द. मला तो तेव्हाच खुपला. जिच्या पायाशी बायका ओटी भरायला जातात तिला काय सर करायचं? पण मी गप्प बसले, कारण हे घरी येऊन म्हणाले, "शांता, चल. नानासाहेब म्हणतात, एखादी बाई असली म्हणजे स्वयंपाकाचं बघता येईल."

मी लगेच उठून खण काढला, नारळ आणला, तांदूळ बांधले. स्वयंपाक हा शब्द मी ऐकलाच नव्हता असं समजा.

आमच्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते. शेंगाचटणी दोन महिने टिकते. पातेलं नको, चूल नको, पाणी नको, फडक्यात बांधा आणि जगाच्या टोकाला जा. सोलापूरच्या माणसाला प्रवासाला आणखी काही लागत नाही. मी चाळीस भाकऱ्या केल्या. नानासाहेबांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, "वहिनी, हे वाटेत. शिखरावर गरम मसालेभात आणि शिरा. शिखरावर शिरा! फोटो काढायचाय, पेपरात द्यायचाय." म्हणून मग रॉकेलचा स्टोव्ह, दोन पातेली, परात, झारा, तुपाचा डबा असं सगळं बांधलं. हे सगळं पाच हजार फूट चढवायचं, शिरा फोटोत यावा म्हणून.

एसटीनं नगर, तिथून संगमनेर, अकोले, राजूर. राजूरच्या पुढं डोंगर असे सुरू झाले की मी खिडकीला डोकं लावूनच बसले. भाताची खाचरं पिवळी पडत आलेली, मधूनमधून नाचणीची लाल कणसं, आणि सगळ्यावर सोनकीची पिवळी फुलं, जणू कुणी हळद सांडलीय. हे म्हणाले, "डोळ्यांत कचरा जाईल, खिडकी लाव." मी लावली नाही. बारी गावात उतरलो तेव्हा समोर बघितलं, तर शिखर ढगात. दिसलंच नाही. मला ते बरंच वाटलं. आधीच दिसलं असतं तर उद्यासाठी काय राहिलं असतं?

बारीतल्या लोकांचं चढणं मात्र वेगळं. तिथला पुजारी दर मंगळवारी वर जातो, भर पावसातही, असं गावात कळलं. त्याचा बाप जायचा, आजा जायचा. गोऱ्या साहेबाच्या काळी मोजणीवाले वर गेले, दगडावर खूण करून आले, आणि पुस्तकात उंची त्यांची लिहिली. त्यांच्या आधी किती मंगळवार झाले असतील, ते पुस्तकात नाही. नवरात्रात तर बाया पोरं पाठीला बांधून चढतात. कुणी सर करत नाही. वरच्या कातळात पावठ्या खोदल्यात, धरायला साखळी, बस्स.

आमचं सामान उचलायला गावातली एक बाई घेतली होती. हिराबाई तिचं नाव. माझ्याएवढीच असेल, तिशीतली. अंगानं काटकुळी, डोक्यावर स्टोव्ह आणि पातेल्यांचं गाठोडं, आणि चालणं असं की मला धाप लागावी. पहाटे निघालो तो दिवस मंगळवारचाच. मी अनवाणी होते नवरात्रामुळं, तीही अनवाणी. सात पुरुष कॅनव्हासचे बूट घालून मागं, दर दहा पावलांवर बसत.

"हे तुझे मालक कोणते गं?" हिराबाईनं विचारलं.

"तो निळा सदरा."

"जो सारखा पाणी मागतो तो?"

"व्हय," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

ती म्हणाली, "आमचे गडी सकाळी वर जाऊन दुपारी भात कापायला येतात. तुमचे काय आजारी हायत का?"

तेवढं हसणं त्या दिवसातलं शेवटचं.

शिखराच्या खाली एक सपाट जागा आहे. तिथं विहीर आहे. खोल नाही, कंबरभर असेल, पण इतक्या उंचावर पाणी! मी वाकून बघितलं. नितळ. तळाचा दगड दिसत होता, तोच आपला काळा फत्तर. त्या पाण्याला मी हात लावला नाही, आधी नमस्कार केला. तिथून वर बघितलं तर शेवटचा कातळ आणि त्यावर देवळाचा छोटा ठिपका. दहा-पंधरा मिनिटांची चढण.

नानासाहेब धापा टाकत आले, बसले, आणि पिशवीतनं दाढीचं सामान काढलं. मला आधी कळेचना. मग आरसा विहिरीच्या काठावर ठेवला. फोटोत दाढी वाढलेली दिसायला नको म्हणे. दाढीचा मग थेट विहिरीत बुडवला, ब्रश त्यातच खळबळला, तोंडावरचा फेस पुसून बोटं पाण्यात झटकली. पांढरा फेस पाण्यावर पसरत गेला. दुसऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "नाना, मलाही द्या की." मग तिसरा. हेसुद्धा. हे! ज्यांनी घरी माझ्या हंड्यात कधी उष्टा पेला बुडवू दिला नाही, ते बनियनवर उभे राहून त्या विहिरीत चूळ थुंकले. वर बायकांचा एक घोळका बसला होता, पोरं मांडीवर. त्या नुसत्या बघत होत्या. त्यातल्या एकीनं पोराचं तोंड पदरानं झाकलं. पोराला उन्हाचा त्रास होत नव्हता.

मी स्टोव्ह पेटवला. मी का पेटवला? हा प्रश्न मी स्वतःला दर नवरात्रात विचारते. पेटवला. वाऱ्यानं ज्योत लागेना, रॉकेल सांडलं, भाताला त्याचा वास लागला. मसालेभात खालून करपला. शिरा मात्र झाला, तुपात थबथबलेला. सगळे जेवले. "वहिनी, झकास," नानासाहेब म्हणाले आणि ढेकर दिला. मग शिऱ्याचं एक ताट भरून घेतलं, फोटोसाठी. आणि निघताना हे म्हणाले, "शांता, तू एवढी भांडी आटप. खरकटी बांधली तर सगळं सामान ओशट होईल. तोवर आम्ही वर फोटो काढून येतो, मग मी तुला नेतो."

मी त्यांच्याकडं बघितलं. खण आणि नारळ माझ्या कमरेला बांधलेला होता. त्यांना दिसत होता.

"नेतो म्हटलं ना," ते म्हणाले.

मी काठाशी बसले, राख आणि माती घेतली आणि करपलेलं पातेलं घासायला लागले. हिराबाई तिथंच उभी राहिली. मला वाटलं, हात देईल. तिनं दिला नाही. कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "या डोंगरावर आम्ही भांडं घासत नाही."

"का?"

"घासतच नाही. बाया वर येतात त्या कोरडं आणतात, पानावर खातात. कळसू कोण ठाऊक हाय का तुला?"

मग तिनं उभ्या उभ्या सांगितलं. कळसू एक पोर होती. खाली एका घरी कामाला राहिली. राहताना अट घातली, बाकी सगळं करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. मग एक दिवस घरात लई पाहुणे आले, भांड्यांचा ढीग पडला, आणि तिला जबरदस्तीनं बसवलं. तिनं घासली. घासून झाली तशी उठली, डोंगर चढली, आणि पुन्हा उतरली नाही. "तीच ही. वर बसलीय ती," हिराबाई म्हणाली. "देवीनं टाकलेलं काम तू इतक्या लांबून इथं घेऊन आलीस होय गं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं. मला ते पुस्तकांत कुठंही वाचायला मिळालं नव्हतं. उंची होती, थर होते, नद्या होत्या, हे नव्हतं.

"ठेव ते इथंच," ती म्हणाली. "चल. मी चाललेय ओटी घेऊन. बरोबर चल."

आणि मी म्हणाले, "आलेच. दोनच राहिलीत."

हे वाक्य मी विसरत नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. नवरा वर होता, फोटोत होता. पातेलं मी सोडलं असतं तर ते गडगडत खाली गेलं असतं, फार तर हे चार दिवस बोलले नसते. पण माझा हात त्या करपलेल्या बुडावर फिरतच राहिला. चांगली भांडी घासणारी बाई म्हणून सासरी माझं नाव होतं ना. त्या नावाची मला हौस होती. नानासाहेबांची किळस येते ती एका बाजूला, पण मला माझ्या त्या हाताची जास्त येते.

हिराबाई म्हणाली, "बरं, तुझी ओटी दे. मी भरते. नाव सांग."

"शांता."

तिनं खण आणि नारळ आपल्या पदरात घेतला आणि साखळी धरून भराभर वर गेली.

मी घासत होते. राखेचं पाणी, तुपाचं पाणी कातळावरनं ओघळत परत विहिरीत जात होतं. मी बघत होते ते. साबणाचा फेस काठाला चिकटून सुकायला लागला होता आणि मधोमध तुपाचे गोल गोल डोळे तरंगत होते. तेवढ्यात खालून पुजारी आला. म्हातारा, खांद्यावर पितळी कळशी, मंगळवारची पूजा. तो विहिरीपाशी वाकला. आणि वाकलेलाच राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या राखेनं भरलेल्या हातांकडं, पातेल्याकडं.

"कुठलं गाव, बाई?"

"सोलापूर."

"लांबून आलात," तो म्हणाला. रिकामी कळशी खांद्यावर घेतली आणि आला त्या वाटेनं उतरायला लागला. खाली झरा होता, येताना आम्हाला लागला होता. जाऊन यायला तासाच्या वर. त्या वयात. मला त्यानं शिवी द्यायला हवी होती. पातेलं माझ्या डोक्यात घातलं असतं तरी चाललं असतं. पण "लांबून आलात" हे असं म्हणाला, जसं घरी आलेल्याला म्हणतात.

पुरुष उतरले तेव्हा वर ढग आले होते. त्यांनी वर काय केलं ते मला नंतर फोटोत दिसलं. तांबड्या ऑइलपेंटनं कातळावर मंडळाचं नाव आणि खाली सात नावं. रंगाचा डबा वर गेला होता, ओटी घेऊन निघालेली बाई खाली राहिली होती. हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "ढग आलेत. शेवटची एसटी चुकेल. पुढच्या वेळी." मी पातेली बांधली. चकचकीत झाली होती, खरंच सांगते. उतरताना हिराबाई मागून आली आणि माझ्या हातात चिमूटभर कुंकू ठेवलं. "नाव घेतलं तुझं," ती म्हणाली. मी ते कुंकू कपाळाला लावलं, आणि उरलेलं एसटीच्या खिडकीतनं वाऱ्यानं उडालं.

इथवर जे झालं ते झालं. बायकांच्या नशिबी असं होतंच, असं म्हणून मी ते गिळलं असतं. पण कोजागिरीला मंडळानं कार्यक्रम ठेवला. पेपरात आधीच छापून आलं होतं, एका महिलेसह आठ जणांनी शिखर सर केलं. नानासाहेब माईकवर म्हणाले, "आणि आपल्या गावातनं कळसूबाईच्या माथ्यावर पाय ठेवणाऱ्या पहिल्या महिला, आमच्या शांतावहिनी!" मी ह्यांच्याकडं बघितलं. हे कुजबुजले, "ऊठ. त्यांनी मोठेपणा दिलाय, घे." मी उठले. नारळ घेतला, शाल घेतली. टाळ्या पडल्या. आणि मग बायकांनी मला घेरलं.

त्यातली नरसव्वा सगळ्यांत पुढं. तिचा नवरा चादरीच्या मागावर बसायचा, ती स्वतः सुताच्या कांड्या भरायची, घराच्या बाहेर पडायची ती फक्त नळावर. ती म्हणाली, "सांग की अक्का, तिथनं काय काय दिसलं?"

तिथं मी खरं सांगू शकले असते. तिला तरी. पण माझ्या डोक्यात आलं, माझी ओटी वर पोचली, माझं नाव वर घेतलं गेलं, म्हणजे मी पोचलेच की! किती छान सोय, बघा. आणि मी तोंड उघडलं. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग असे तीन गड शेजारी शेजारी, म्हटलं. दक्षिणेला लांब हरिश्चंद्रगड. खाली भंडारदऱ्याचं पाणी आरशासारखं, त्यातली प्रवरा पुढं गोदावरीला मिळते. एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला उतरत उतरत आपला देश. सगळं पुस्तकातलं. चुलीपुढं बसून पाठ केलेलं. एकही चूक नव्हती त्यात, भूगोलाच्या मास्तरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. मी एक-दोन गोष्टी पदरच्याही घातल्या, वर वारा कसा कानात शिरतो, ढग कसा पायाखालनं जातो.

नरसव्वा ऐकत होती, डोळे मोठे करून. मग खाली वाकली आणि माझ्या पायांना हात लावून तो हात तिनं कपाळाला लावला. "हे पाय देवीपर्यंत जाऊन आलेत," ती म्हणाली.

मी पाय मागं घेतले नाहीत.

त्यानंतर दर नवरात्रात कुणी ना कुणी विचारायचं आणि मी सांगायची. दर वर्षी नीटनेटकं होत गेलं ते. मुलाच्या मास्तरांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. हे गेले, त्यांनी कधी विषय काढला नाही. पुढची वेळ काही आली नाही. नरसव्वा गेली, शेवटपर्यंत माझ्याकडं तशीच बघायची. खोटं बोलताना पहिल्यांदा जीभ जड होते म्हणतात. माझी झाली नाही, उलट मला गंमत वाटत होती, आणि त्याचीच मला आता शिसारी येते. नानासाहेबांनी विहीर एकदाच नासवली. मी पन्नास वर्षं नासवत होते.

यंदा आमच्या कॉलनीतल्या वैशालीताईंचा फोन आला. महिला मंडळाची पोरगी, पोरगी म्हणजे पंचेचाळीसची, पण धडपडी. म्हणाली, "आजी, आम्ही नऊ दुर्गांचा सत्कार करतोय. त्यातल्या एक तुम्ही. त्या काळात कळसूबाई म्हणजे काय हो!" माझं नाव सूनबाईनंच सुचवलेलं. मोठ्या कौतुकानं.

मी म्हटलं, "वैशाली, मी वर गेलेले नाही. विहिरीपर्यंत गेले होते."

ती हसली. "आजी, तुमचा हाच साधेपणा आवडतो बघा आम्हाला."

"अगं साधेपणा नाही. खोटं होतं ते."

ती हळूच म्हणाली, "आजी, बॅनर लागलाय हो आता. पत्रिका वाटून झाल्या. तुम्ही नुसत्या येऊन बसा की. कोण विचारणारे?"

चौकात जाऊन मी तो बॅनर बघून आले. नऊ बायकांची तोंडं. माझ्या तोंडामागं डोंगर दाखवलाय, त्यावर बर्फ आहे. बर्फ! कळसूबाईवर! कुणाला डोंगरही नको होता आणि मीही नको होते, एक चित्र हवं होतं. सात जणांना शिरा हवा होता तसा. मला त्या बॅनरपुढं उभं राहून ओकारी आल्यासारखं झालं, आणि मग वाटलं, ओकून टाकावं एकदाचं.

कार्यक्रम दुपारी चारला होता. मी गेले. सूनबाई शेजारी, नवी साडी नेसून. माझं नाव पुकारलं तेव्हा मी शालीच्या आधी माईक मागितला. सांगितलं. शिरा, दाढी, विहीर, भांडी, हिराबाई, पुजारी, आणि कोजागिरीला मी काय बोलले ते. नरसव्वाचं सांगताना मधेच पाणी प्यायले, पुन्हा सांगितलं. पुढच्या रांगेतल्या दोघी मोबाइल बघत होत्या. मी थांबले तशा टाळ्या पडल्या, जोरात. सूत्रसंचालन करणारी म्हणाली, "किती प्रेरणादायी अनुभव!" आणि वैशालीनं मागून येऊन शाल माझ्या खांद्यावर टाकलीच. बाकीच्या आठ जणींवर जशी टाकली तशी. मी ती काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरले.

रिक्षात सूनबाई बोलेना. साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. चेहरा उतरलेला, मैत्रिणींपुढं शोभा झाली तिची, ते मला दिसत होतं. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "मला तरी आधी सांगायचं होतंत, आई. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले."

"तुला सांगायला तोंड नव्हतं गं."

सिग्नल सुटला. मला वाटलं, आता ही महिनाभर बोलत नाही. मग तिनं पदर सोडला आणि माझ्याकडं न बघता, जरा घुश्शातच विचारलं, "मग खरं काय दिसतं वरनं?"

तिन्ही गडांची नावं जिभेवर आली होती. मी ती तिथंच थांबवली.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.